अनोळखी महानगरात फिरताना: आधी दिशा, मग ठिकाणे

अनोळखी महानगरात पहिल्या दिवशी पर्यटकाची जी तारांबळ उडते, तिचे कारण बहुधा शहराचा विस्तार हे नसते. अंतर कितीही असले तरी ते गाडी कापते. माणूस चुकतो तो दिशेत. लाइन बरोबर, पण गाडी उलट्या बाजूची. स्थानक बरोबर, पण बाहेर पडण्याचे दार भलतेच. बसचा क्रमांक बरोबर, पण थांबा रस्त्याच्या पलीकडचा. या तीन चुका टाळता आल्या तर भाषा येत नसलेल्या शहरातही दोन दिवसांत सराइतासारखे वावरता येते, आणि त्यासाठी शहर पाठ करावे लागत नाही.

निघण्यापूर्वी अर्धा तास

घरी बसून शहराच्या नकाशावर अर्धा तास घालवावा. त्यात प्रेक्षणीय स्थळे शोधू नयेत, ती आपोआप सापडतात. नदी कोठून कोठे वाहते, समुद्र कोणत्या बाजूला आहे, जुने शहर कोठे संपते आणि आपला मुक्काम या सगळ्याच्या कोणत्या अंगाला आहे, एवढेच पाहावे. प्रत्येक शहराच्या मांडणीला स्वतःचे एक तर्कशास्त्र असते आणि ते एकदा उमगले की रस्त्यावरच्या पाट्या बोलू लागतात. न्यूयॉर्कमधील मॅनहॅटनचे रस्ते १८११ च्या आराखड्यानुसार जाळीसारखे आखलेले आहेत. क्रमांकाचे साधारण २० आडवे रस्ते ओलांडले की एक मैल होतो, त्यामुळे ३४ व्या रस्त्यावरून ५४ व्या रस्त्यापर्यंत किती चालावे लागेल याचा हिशेब नकाशा न उघडता करता येतो. पॅरिस २० विभागांत वाटलेले असून हे विभाग मध्यभागापासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने शंखासारखे बाहेर वळत जातात, आणि पत्त्यातील पिनकोडचे शेवटचे दोन आकडे विभागाचा क्रमांक सांगतात. तेथील जे रस्ते सेन नदीकडून निघतात, त्यांवरील घरांचे क्रमांक नदीपासून सुरू होतात; म्हणजे क्रमांक कमी होत चालले असतील तर आपण नदीकडे चाललो आहोत. टोकियोत मात्र बहुतेक रस्त्यांना नावच नसते आणि पत्ता विभाग, चौकट व इमारत अशा क्रमांकांनी सांगितला जातो. तेथे नुसता पत्ता लिहून नेण्यात अर्थ नाही, जागा नकाशावर खूण करूनच न्यावी.

मुक्काम निवडताना ‘शहराच्या मध्यभागी’ या शब्दांना फार भुलू नये. माझ्या मते मध्यभागातील, पण स्थानकापासून लांबच्या खोलीपेक्षा दोन-चार स्थानके बाहेरची, पण दोन लाइन जेथे मिळतात तेथून पाच मिनिटांवरची खोली कितीतरी सोयीची. दिवसभर पायपीट करून परतताना शेवटच्या टप्प्यात गाडी बदलावी लागत नाही, हे सुख खोलीच्या खिडकीतून दिसणाऱ्या दृश्यापेक्षा मोठे आहे.

विमानतळ किंवा रेल्वे टर्मिनस यांच्या बाबतीत एक खबरदारी घ्यावी: नावात शहर आहे म्हणून ते शहरात असेलच असे नाही. टोकियोचा हानेदा विमानतळ शहरातच आहे, तर नारिता मध्यभागापासून सुमारे ६० किलोमीटरवर. लंडन आणि पॅरिस येथे लांब पल्ल्याच्या गाड्या दिशेनुसार वेगवेगळ्या टर्मिनसवरून सुटतात, म्हणून तिकिटावरील स्थानकाचे पूर्ण नाव वाचूनच निघावे.

दोन नकाशे, आणि एक निळा ठिपका

मेट्रोचा रंगीत नकाशा हा खरे तर नकाशा नसून आकृती असते. हॅरी बेक यांनी लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी तयार केलेली आणि १९३३ मध्ये छापली गेलेली आकृती आज जगभर आदर्श मानली जाते. लाइन सरळ, वळणे ठरावीक कोनांत आणि स्थानके साधारण सारख्या अंतरावर, ही तिची युक्ती. त्यामुळे स्थानकांचा क्रम झटकन कळतो, पण खरे अंतर मुळीच कळत नाही. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही शेजारची स्थानके आकृतीत इतरांइतकीच दूर दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्यात ३०० मीटरही नाहीत. ज्याला हे ठाऊक नसते तो जमिनीखाली उतरतो, गाडीची वाट पाहतो, जेमतेम मिनिटभर प्रवास करतो आणि मग वर येण्यासाठी कॉव्हेंट गार्डनच्या लिफ्टपाशी रांगेत उभा राहतो किंवा १९३ पायऱ्या चढतो. चालत गेलेला माणूस तोवर चहा पिऊन मोकळा झालेला असतो. म्हणून एक-दोन स्थानकांचा प्रवास असेल तेव्हा खरा नकाशा पाहण्याची सवय लावून घ्यावी. किलोमीटरभर अंतर रमतगमत गेले तरी पंधरा मिनिटांत संपते.

खरा नकाशा आता बहुतेकांच्या मोबाइलमध्येच असतो. शहराचा भाग इंटरनेटशिवाय चालेल अशा रीतीने आधीच उतरवून ठेवावा आणि मुक्काम, जवळचे स्थानक व दिवसाची ठिकाणे त्यावर खुणा करून ठेवावीत. मात्र आपली जागा दाखवणाऱ्या निळ्या ठिपक्यावर आंधळा विश्वास टाकू नये. उंच इमारतींच्या मध्ये उपग्रहाचे संकेत भिंतींवर आपटून येतात, त्यामुळे ठिपका शेजारच्या रस्त्यावर उडी मारतो. आणि बाणाची दिशा ज्या होकायंत्रावर अवलंबून असते, ते आजूबाजूच्या लोखंडामुळे हमखास गोंधळते. भुयारातून नुकतेच वर आल्यावर तर हा बाण सर्वांत बेभरवशाचा असतो.

एका संध्याकाळी मी अशाच एका स्थानकातून वर आलो, बाणाने दाखवलेल्या बाजूला वळलो आणि पंधरा मिनिटे मोठ्या आत्मविश्वासाने चालत राहिलो. समोर नदी आली तेव्हा लक्षात आले की नदी तर माझ्या पाठीमागे असायला हवी होती. वाटेत घरांचे क्रमांक डोळ्यांदेखत कमी होत होते, पण माझी नजर हातातल्या पडद्यावर. तेव्हापासून मी वर आल्यावर आधी भिंतीच्या कडेला उभा राहतो, चौकातील दोन रस्त्यांच्या पाट्या वाचतो, त्या नकाशावर शोधतो आणि मगच पाऊल उचलतो. याला अर्धे मिनिट लागते. शिवाय जिन्याच्या तोंडाशीच थबकून मागच्या लोकांची वाट अडवण्याचा पर्यटकी अपराधही टळतो.

फलाटावर

मेट्रोच्या पाट्या ‘पूर्वेकडे’ किंवा ‘पश्चिमेकडे’ असे सांगतीलच असे नाही. पॅरिससह अनेक शहरांत दिशा ओळखायची ती त्या लाइनच्या शेवटच्या स्थानकाच्या नावावरून. म्हणून आपल्याला जायचे आहे त्या स्थानकाबरोबर त्या बाजूच्या अखेरच्या स्थानकाचे नावही टिपून ठेवावे. न्यूयॉर्कमध्ये काही स्थानकांना दोन्ही दिशांसाठी वेगळे प्रवेशमार्ग असतात आणि आत शिरल्यावर बाजू बदलता येतेच असे नाही, त्यामुळे रस्त्यावरची पाटी वाचूनच जिना उतरावा. तेथे सर्व थांबे घेणाऱ्या आणि जलद अशा दोन प्रकारच्या गाड्या धावतात; जलद गाडीत चुकून बसलेला प्रवासी आपले स्थानक खिडकीतून मागे पळताना पाहतो.

क्रमांक ही सर्वांत सोपी भाषा. टोकियोत स्थानकांना लाइनचे अक्षर आणि अंक दिलेले असतात. गिंझा लाइनवर गिंझा हे जी ०९ आणि आसाकुसा हे जी १९. म्हणजे गिंझाहून आसाकुसाला जाताना पुढचे स्थानक जी १० आले तर गाडी बरोबर, जी ०८ आले तर तेथेच उतरून पलटावे. मेक्सिको सिटीच्या मेट्रोत प्रत्येक स्थानकाचे स्वतंत्र चित्र आहे, त्यामुळे अक्षर न वाचता येणाऱ्यालाही स्थानक ओळखता येते. मॉस्कोची युक्ती तर कानांसाठी आहे: गाडी शहराच्या मध्याकडे जात असेल तर सूचना पुरुषाच्या आवाजात ऐकू येतात आणि मध्यापासून दूर जात असेल तर स्त्रीच्या. चुकीच्या गाडीत बसलो हे कळले तर घाबरू नये. पुढच्या स्थानकावर उतरून समोरच्या फलाटावर जावे, नुकसान दहा मिनिटांचे.

स्थानकाच्या नावाइतकेच बाहेर पडण्याच्या दाराला महत्त्व द्यावे. टोकियोच्या शिंजुकू स्थानकाला २०० हून अधिक दारे आहेत आणि भलत्या दाराने बाहेर पडल्यास समोर दिसणाऱ्या इमारतीपर्यंत पोहोचण्यासाठी मोठा वळसा घ्यावा लागतो. हाँगकाँगमध्ये दारांना अक्षर व अंक असतात. जायचे ठिकाण टिपताना स्थानक, लाइन आणि दार अशा तीनही गोष्टी एका ओळीत लिहाव्यात.

सरकत्या जिन्यावर उभे राहण्याची बाजू शहरागणिक बदलते: लंडनमध्ये उजवी, टोकियोत डावी, ओसाकात पुन्हा उजवी. पुढचा माणूस कोणत्या बाजूला उभा आहे ते पाहून तसेच करावे. पाठीवरची पिशवी गर्दीत पुढे घ्यावी आणि दाराजवळ उभे असताना मोबाइल हातात खेळवत ठेवू नये, कारण दार बंद होताहोता तो हिसकावून फलाटावर पसार होणे ही चोरांची जुनी रीत आहे.

तिकीट

येथे चूक झाली तर ती पैशांत मोजावी लागते. अनेक शहरांत आता बँकेचे कार्ड किंवा मोबाइल दारावर टेकवून प्रवास करता येतो. लंडनच्या मेट्रोत आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा कार्ड टेकवावे लागते. बाहेर पडताना विसरल्यास यंत्रणेला प्रवास किती झाला ते कळत नाही आणि ती कमाल भाडे कापते. बसमध्ये मात्र फक्त चढतानाच टेकवायचे असते, आणि रोख पैसे तर लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून घेतलेच जात नाहीत. दिवसभरातील भाड्याला तेथे एक मर्यादा असते, पण तिचा लाभ एकाच साधनावर मिळतो. सकाळी कार्ड आणि दुपारी त्याच खात्याला जोडलेला मोबाइल वापरला तर यंत्रणा दोन वेगळे प्रवासी मानते. कुटुंबातील प्रत्येकाकडे स्वतंत्र कार्ड हवे, एकाच्या कार्डावर दोघांना आत नेता येत नाही.

बर्लिन किंवा व्हिएन्ना येथील प्रकार याच्या उलट आहे. तेथील मेट्रोच्या वाटेत अडवणारे फाटकच नसते, आणि त्यामुळेच नवखा माणूस फसतो. कागदी तिकीट विकत घेतले म्हणजे काम संपत नाही. फलाटावर किंवा त्याच्या वाटेवर एक छोटी पेटी असते, तिच्या फटीत तिकिटाचे टोक सरकवले की टक्‌ असा आवाज होतो आणि त्यावर शिक्का उमटतो. तो शिक्का नसेल तर खिशातले तिकीट असून नसल्यासारखे. तपासनीस पुष्कळदा साध्या कपड्यांत असतात, आणि ‘आम्ही पर्यटक आहोत, माहीत नव्हते’ हे वाक्य त्यांनी आमच्या आधी हजारो वेळा ऐकलेले असते.

दिवसाचा किंवा आठवड्याचा पास घेण्यापूर्वी आपले प्रवास बोटांवर मोजावेत. एका दिवशी शहराचा एकच भाग पाहण्याचे ठरवले, आणि ते ठरवावेच, तर सकाळी जाणे व संध्याकाळी परतणे एवढेच प्रवास उरतात, मधले सगळे चालण्यात जाते. पाच टोकांची पाच ठिकाणे एका दिवसात कोंबणाऱ्यांना पास परवडतो, पण त्यांचे निम्मे शहर भुयारातच पाहून होते.

जमिनीवरून आणि पाण्यावरून

दिशा पक्की करण्यासाठी बस, ट्राम आणि फेरी म्हणजे प्रवासी बोट यांच्याइतके चांगले शिक्षक नाहीत, कारण रस्ता डोळ्यांसमोर उलगडत जातो. इस्तंबूलमध्ये करकोय किंवा एमिनोनूहून कादिकोयला जाणारी फेरी सुमारे वीस मिनिटांत युरोपातून आशियात पोहोचवते. ती नोकरदारांची रोजची वाहतूक असल्यामुळे शहराच्या नेहमीच्या प्रवासी कार्डावर चालते, आणि पर्यटकांसाठीच्या नौकाविहारापेक्षा मला ती केव्हाही अधिक आवडते. मेलबर्नच्या मध्यवर्ती भागात ठरावीक हद्दीपर्यंत ट्रामचा प्रवास विनामूल्य आहे. हद्द कोठे संपते ते मात्र नकाशावर पाहून ठेवावे.

बस पकडताना वाहतूक रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालते हे आधी लक्षात घ्यावे. ज्यांना डाव्या बाजूच्या वाहतुकीची सवय आहे, ते उजव्या बाजूच्या देशात हमखास समोरच्या थांब्यावर जाऊन उभे राहतात, आणि रस्ता ओलांडताना चुकीकडे पाहतात. पहिली चूक वेळ घेते. दुसरी जिवावर बेतू शकते. ओलांडण्यापूर्वी दोन्ही बाजूंना पाहावे, एकमार्गी रस्त्यावरही.

वृद्ध आई-वडील, बाबागाडी किंवा जड सामान बरोबर असेल तर जुन्या मेट्रोचा फार भरवसा धरू नये. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ ची आणि पॅरिसची मेट्रो १९०० ची. त्यांच्या अनेक स्थानकांत लिफ्ट नाही. नकाशावर चाकाच्या खुर्चीचे चिन्ह असलेली स्थानके निवडावीत, नाहीतर सरळ बसने जावे.

रात्रीच्या कार्यक्रमाचे तिकीट काढण्यापूर्वी परतीची शेवटची गाडी पाहावी. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे रात्रभर चालते, लंडनच्या काही लाइन फक्त शुक्रवारी आणि शनिवारी रात्रभर धावतात, तर टोकियोच्या गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास थांबतात त्या पहाटे पाचच्या आसपास सुरू होतात. गाडी चुकलीच तर अधिकृत थांब्यावरूनच टॅक्सी घ्यावी. मुक्कामाचे नाव आणि पत्ता स्थानिक लिपीत लिहिलेली चिठ्ठी पहिल्याच दिवशी स्वागतकक्षातून मागून घ्यावी आणि ती मोबाइलमध्ये नव्हे, तर पाकिटात ठेवावी, कारण रात्री एक वाजता चार्जिंग संपलेले असण्याची शक्यता बरीच असते, आणि टॅक्सीवाल्याला आपला उच्चार समजण्याची बरीच कमी.