वेल्डिंग रोबोटची पहिली सेटिंग: आधी टॉर्च, मग आकडे

नवा जॉब लागला, प्रोग्राम टीच झाला (रोबोटला चालायची रेषा शिकवून झाली), पहिला बीड (वेल्डची रेघ) मारला आणि तो बिघडला, की बहुतेकांचा हात थेट करंट-व्होल्टेजकडे जातो. माझ्या मते तिथे सगळ्यात शेवटी जायचं. हाताने वेल्ड करणारा माणूस गॅप दिसला की हात सावरतो, टॉर्च (वायर आणि गॅस सोडणारं वेल्डिंगचं हत्यार) जवळ-लांब करतो. सीम ट्रॅकिंग (जॉइंटची रेषा स्वतः शोधत जाण्याची सोय) नसलेल्या रोबोटला यातलं काहीच कळत नाही. शिकवलेल्या रेषेवर तो मुकाट्याने चालतो. त्यामुळे टॉर्च जागेवर नसेल, तर कुठलाही आकडा खरा ठरत नाही.

उदाहरणादाखल रोजचाच जॉब घेऊ: ३ मिमी जाडीच्या माइल्ड स्टीलच्या दोन पट्ट्या, टी-जॉइंट, १.२ मिमीची ईआर७०एस-६ ग्रेडची स्टील वायर, आणि ८० टक्के आर्गॉन, २० टक्के कार्बन डायऑक्साइड असा मिक्स गॅस.

सेलमध्ये (रोबोटभोवतीच्या बंदिस्त जागेत) शिरण्यापूर्वी पेंडंट (रोबोट चालवायचा हातातला कंट्रोल) टीच मोडवर ठेवा. या मोडमध्ये वेग सेकंदाला २५० मिमीच्या वर जात नाही. पेंडंटमागचा डेडमॅन स्विच अर्धा दाबलेला असेल तरच रोबोट हलतो. सोडला किंवा घाबरून घट्ट आवळला, तर थांबतो. तो चिकटपट्टीने बांधून ठेवणारे महाभाग असतात, त्यांच्यासोबत सेलमध्ये जाऊ नका.

१. टिप, वायर, अर्थिंग

टिप (टॉर्चच्या टोकाची, वायरला करंट देणारी तांब्याची नळी) काढून तिच्या भोकाकडे बघा. भोक गोल न राहता लांबट झालं असेल तर वायर आत डुगडुगते, आर्क (वायर आणि जॉबमधली विजेची ज्योत) तुटक चालतो, आणि ऑपरेटर व्होल्टेज वाढवत बसतो. टिप बदलली की निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. फीडरचे (वायर पुढे ढकलणाऱ्या यंत्राचे) रोलर वायरच्या मापाचे हवेत आणि दाब वायर न घसरण्यापुरताच हवा. जास्त आवळला तर वायर चेपते आणि लायनरमध्ये (वायर ज्या नळीतून टॉर्चपर्यंत जाते तिच्यात) तांब्याचा चुरा साठतो. अर्थिंगचा क्लॅम्प रंगावर किंवा गंजावर नको, फिक्स्चरच्या स्वच्छ धातूवर लावा.

२. टीसीपी आणि टिपपासूनचं अंतर

टीसीपी म्हणजे रोबोट ज्याला टॉर्चचं टोक समजतो तो बिंदू. फिक्स्चरवर एक अणकुचीदार पिन ठेवा, वायरचं टोक तिच्यावर आणा आणि टोक जागेवरच ठेवून टॉर्च दोन-तीन दिशांनी फिरवून बघा. टोक पिनवरून वायरच्या निम्म्या जाडीपेक्षा जास्त सरकलं, तर आधी टीसीपी दुरुस्त करा. टॉर्च कुठे धडकून गेला असेल तर ही तपासणी कधीच टाळू नका.

आता पक्कडीने वायर टिपपासून बरोबर १५ मिमीवर कापा आणि सगळे वेल्डिंग पॉइंट हे टोक जॉइंटच्या कोपऱ्याला टेकवून टीच करा. हे अंतर २० मिमी झालं तर वायरचा वेग तोच असूनही करंट बराच खाली येतो आणि भेदन (वेल्ड पट्टीत किती खोल उतरतो ते) कमी होतं. एका पॉइंटला १३ आणि दुसऱ्याला १९ मिमी ठेवलंत, तर एकाच बीडला दोन वेगळे करंट दिलेत असं समजा. टॉर्च दोन्ही पट्ट्यांपासून ४५ अंशांवर ठेवा आणि चालण्याच्या दिशेत १० अंशांच्या आसपास ढकलता ठेवा, म्हणजे वायर पुढच्या बाजूला रोखलेली राहील.

३. वायरचा वेग, करंट, चाल

आता आकडे. अंदाजाने टाकण्यापेक्षा कागदावर काढा. ४ मिमी लेगचा फिलेट (कोपऱ्यातला तिकोनी वेल्ड, लेग म्हणजे त्याची पट्टीला लागलेली बाजू) हवा असेल तर त्याचं क्षेत्रफळ ४ गुणिले ४ भागिले २, म्हणजे ८ चौरस मिमी. वायरचं क्षेत्रफळ १.१३ चौरस मिमी. टॉर्चची चाल मिनिटाला ५०० मिमी धरली, तर वायर लागेल ८ गुणिले ५०० भागिले १.१३, म्हणजे मिनिटाला साधारण साडेतीन मीटर. बीडला थोडा फुगवटा येतो, म्हणून ४ मीटर धरा. या वेगाला करंट १५० अँपिअरच्या आसपास येतो. एमआयजी-एमएजीमध्ये (म्हणजे वायर आणि गॅसच्या याच वेल्डिंगमध्ये) करंट वेगळा द्यावा लागत नाही, तो वायरच्या वेगासोबतच येतो. चालीचं एकक मात्र बघून घ्या: ५०० मिमी प्रति मिनिट म्हणजे ५० सेंमी प्रति मिनिट किंवा ८.३ मिमी प्रति सेकंद. एककाच्या गोंधळात जॉब जळालेले आहेत.

४. व्होल्टेज

सुरुवात १८.५ व्होल्टवर करा. सिनर्जिक मशीन असेल तर व्होल्टेज तेच निवडतं, तुम्ही फक्त थोडं वर-खाली करता. आवाज सलग, बारीक तडतडीचा यायला हवा. वायर ठोकरते, बीड दोरीसारखा उंच बसतो, असं असेल तर अर्धा व्होल्ट वाढवा. बीड पसरट होऊन कडेला खाच पडत असेल, म्हणजे अंडरकट येत असेल, तर अर्धा व्होल्ट कमी करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वायर, व्होल्ट आणि चाल तिन्ही एकदम हलवलंत तर कशाने सुधारलं ते कळणार नाही.

गॅस मिनिटाला १५ लिटर पुरतो. जास्त सोडला तर प्रवाह घुसळतो, बाहेरची हवा ओढतो आणि पोरोसिटी (वेल्डमधली बारीक छिद्रं) उलट वाढते. रेग्युलेटरवरच्या आकड्यावर विसंबू नका, नोझलच्या तोंडाशी मोजा. मधला पाइप गळका असू शकतो.

५. सुरुवात आणि शेवट

आर्क पेटण्याआधी ०.३ सेकंद गॅस सोडा, विझल्यावर अर्धा ते एक सेकंद चालू ठेवा. शेवटी खड्डा राहू नये म्हणून क्रेटर भरायला करंट मुख्य करंटच्या ६० ते ७० टक्क्यांवर आणा आणि टॉर्च तिथेच अर्धा सेकंद थांबवा. बीडच्या टोकाला बारीक तडा दिसला तर पहिला संशय याच सेटिंगवर घ्या.

६. कापून बघणं

चाल फार कमी ठेवली तर वितळलेला धातू आर्कच्या पुढे धावतो. बीड रुंद, गुळगुळीत, फोटो काढावा असा दिसतो, पण आर्क त्या धातूवरच जळत राहतो आणि खालचा कोपरा वितळतच नाही. हे वरून कळत नाही. म्हणून नमुना आडवा कापा, बारीक पॉलिश पेपरने घासा आणि हातमोजे, चष्मा घालून नायटलने (अल्कोहोलमधल्या नायट्रिक आम्लाने) पुसा. काही सेकंदांत वेल्डची सीमा वेगळ्या छटेत उठून दिसते. ती कोपऱ्याच्या पलीकडे गेलेली हवी. गेली नसेल तर आधी वायर जॉइंटच्या मध्यावर होती का ते तपासा, आणि मगच चाल वाढवा किंवा वायरचा वेग वाढवा.

नमुना पास झाला की वायरचा वेग, प्रत्यक्ष दिसलेला करंट, व्होल्ट, चाल, गॅस, १५ मिमीचं अंतर आणि टॉर्चचे कोन जॉब कार्डवर लिहा. टिप किती जॉबनंतर बदलायची तेही तिथेच टाका, नाहीतर पुढच्या शिफ्टचा ऑपरेटर झिजलेल्या टिपवर व्होल्टेज वाढवून ठेवेल.