बास पोकळ, गायक मधोमध येईना: दोष वायरचा निघाला

स्पीकर ४ ओहमचे, अ‍ॅम्प्लिफायर दमदार, तरी बास (खालचे जड सूर) पोकळ आणि गाणाऱ्याचा आवाज दोन स्पीकरच्या मधोमध न येता खोलीभर विखुरलेला. स्पीकर सरकवून झाले, भिंतीवर सोलापुरी चादरही टांगली (ती दिसते छान). दोन महिने नुसतं डोकं उठलं.

शेवटी वायर ब्लेडने खरवडली. वर तांबं, आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम! जाडीही फक्त ०.५ चौ. मिमी. जाऊन-येऊन २४ मीटर. अस्सल तांबं असतं तरी रोध ०.८ ओहम. तो स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांत, म्हणजे इथे ०.२ च्या आत हवा.

आधी अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग काढला. नवी पेठेतून २.५ चौ. मिमीची तांब्याची दोन पदरी वायर आणली, दोन्हीकडे सारखी कापली. रोध ०.१७. आधी फक्त स्पीकरला जोडली आणि मोकळ्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला, धन टोक लाल तारेला. वूफर (बासचा मोठा पडदा) बाहेर यायला हवा. डावा आला, उजवा आत गेला! तो मागे दुरुस्तीला गेला होता, आतल्या तारा उलट्या जोडलेल्या. एक बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो, म्हणूनही बास पोकळ आणि आवाज विखुरलेला. त्याच्या मागच्या दोन तारांची अदलाबदल केली, पुन्हा सेल लावून पाहिला, मग अ‍ॅम्प्लिफायरला जोडलं. तारांचे केस घट्ट पिळा, एकही बाहेर नको.

पहिल्याच गाण्यात तबल्याचा डग्गा छातीत वाजला.