प्रयोगशील शाळेत सॉफ्टवेअर आणताय? मुख्याध्यापकांनो, या चुका टाळा

पहिलं भांडण इयत्तेवरून होतं. तुमच्याकडे सहा ते नऊ वर्षांची मुलं एकाच गटात शिकतात, सॉफ्टवेअरला मात्र इयत्ता आणि तुकडी हवी असते. मग कुणीतरी अख्ख्या गटाला 'दुसरी अ' करून टाकतं आणि वर्षअखेरीस यू-डायस प्लसवर, म्हणजे शाळा आणि विद्यार्थ्यांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर, मुलांना पुढच्या वर्गात ढकलताना घोळ बाहेर पडतो. इयत्ता जनरल रजिस्टरप्रमाणेच (शाळेच्या प्रवेश नोंदवहीप्रमाणेच) ठेवा, गटासाठी वेगळा रकाना मागून घ्या. कंपनीचा माणूस 'तो नंतर देतो' म्हणाला, तर पैसेही नंतरच द्या.

याहून मोठं नुकसान होतं ते नोंदींचं. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदींना जागा आहे, आणि अशा शाळांचं खरं बळ तिथेच असतं. सॉफ्टवेअरमध्ये मात्र तयार वाक्यांची यादी असते. दमलेल्या ताई 'गटकार्यात सहभाग घेतो' यावर टिचकी मारतात आणि वीस मुलं एकसारखी होऊन जातात. ती यादी बंदच करून घ्या. निरीक्षणवही कागदावर राहिली तरी काही बिघडत नाही. सत्राच्या शेवटी त्यातलं मोजकंच चढवा. दर सत्रात पाच-सहा मुलांच्या नोंदी मुख्याध्यापकांनी स्वतः वाचाव्यात. हे काम क्लार्ककडे सोपवण्यासारखं नाही.

अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक ओळख क्रमांक, तयार होत नसेल, तर आधी आधारवरचं आणि यू-डायस प्लसवरचं नाव, जन्मतारीख ताडून बघा. घाईत पोर्टलवरचंच नाव बदलू नका, नाहीतर रजिस्टर एक सांगेल आणि पोर्टल दुसरंच. आधार चुकलं असेल तर पालकांनी ते दुरुस्त करून घ्यावं. रजिस्टर चुकलं असेल तर खाडाखोड न करता रीतसर प्रस्ताव पाठवा. अपारसाठी पालकांची संमतीही लागते. आपल्याकडचे पालक 'कशासाठी?' विचारणारच, तेव्हा फॉर्म वाटण्याआधी सभा घ्या.

दुसऱ्या शाळेतून आलेलं मूल पोर्टलवर दिसत नाही? नवी नोंद करू नका, दुबार होईल. जुन्या शाळेने त्याला पोर्टलवरून सोडलंय का, ते फोन करून विचारा आणि त्याचा पेन क्रमांक (यू-डायस प्लसवरचा मुलाचा कायमचा क्रमांक) मागा.

पोर्टलच्या लॉगिनचा ओटीपी एखाद्या तरुण शिक्षकाच्या खासगी मोबाइलवर येत असेल, तर तो नोकरी सोडून गेला की शाळा दाराबाहेर. शाळेच्या नावाचं सिमकार्ड घ्या, आणखी दोघांना काम शिकवा. दर महिन्याला सगळी माहिती एक्सेलमध्ये उतरवून ठेवा.

आणि वही व संगणक दोन्हीकडे तीच हजेरी भरायला लावत असाल, तर त्यातलं एक कधी थांबणार, ती तारीख आजच शिक्षकांना सांगून टाका.