गटाच्या बैठका घेताय? या चुका टाळा

बचत गट असो की ग्रामसभेची तयारी, नवीन पोरं येतात ती विषयपत्रिका पाठ करून. चार्ट पेपर, स्केच पेन, खेळ, सगळं पिशवीत. समोर बसलेल्या बायांकडे बघायला तेवढी सवड नसते.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे चालू बैठकीत मोबाईल. लोकेशनसकट फोटो वर पाठवावा लागतो, मान्य. तो शेवटी काढा ना. वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात असाच एक नवा कार्यकर्ता शेळीपालनाच्या कर्जाचा ठराव घेत होता. मी मागे सतरंजीच्या कडेला. "चालते ना सगळ्याइले?" "हो जी." झालं, ‘सर्वानुमते मंजूर’ लिहून गडी फोटोसाठी उभा. इकडे वही फिरत होती. जिच्या नावावर कर्ज, तिनं आकड्याकडे पाहिलंच नाही. सही ठोकली, वही अध्यक्षबाईकडे सरकवली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. फोटोत मात्र छान हसली. नंतर त्याला विचारलं, हे पाहिलंस का? म्हणे, "भाऊ, सगळे फ्रेममध्ये येत नव्हते."

दुसऱ्या दिवशी तिच्या ओसरीवर चहा घेतला तेव्हा बाई बोलली. "नाव माहं हाय जी, पैसे त्याइले पायजेत." चेक अजून निघायचा होता, म्हणून निभावलं. हप्ते मात्र हिच्याच मानगुटीवर बसले असते.

तेव्हापासून माझी सवय पक्की झाली: ठराव लिहिण्याआधी पेन खाली, आणि नजर फिरवायची ती दाराजवळ बसलेल्या बाईपासून. पुढच्या रांगेतल्या बोलक्याच असतात, त्यांची काळजी नको. सही घ्यायच्या आधी जिचं कर्ज तिलाच रक्कम आणि हप्ता मोठ्यानं सांगायला लावतो. वेळ जातो. जाऊ द्या.

‘सर्वानुमते’ हा शब्द तर फारच स्वस्त झालाय. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचं नाव प्रत्येक प्रशिक्षणात निघतं, 2009 मध्ये मिळालेल्या सामूहिक वनहक्कासकट, म्हणजे जंगलावर साऱ्या गावाचा मिळून कायदेशीर हक्क. पण तिथं एकमत होत नाही तोवर निर्णय थांबतो आणि अभ्यासगटात विषय पुन्हा पुन्हा चघळला जातो, हे ऐकताना पोरं घड्याळ बघतात. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. हा कोरम अंगठे मोजून भरतो. त्या बाया कुठं बसल्या, कुणाकडे बघून हात वर केला, हे रजिस्टरात येत नाही. ते तुम्हीच टिपायचं.

शांतता पसरली की लगेच बोलू नका. मी गडूभर पाणी पितो, सावकाश. तेवढ्यात कुणीतरी तोंड उघडतंच.

खुर्ची दिली तरी सतरंजीवर बसा.

मारुतीच्या पारावर बैठक ठेवू नका. सासरे-दीर समोर असले की सुना डोक्यावरचा पदर सावरण्यातच राहतात.

कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारची बैठक तर लावूच नका. वेचणीची मजुरी किलोवर असते, तुमच्या तासाभराचे पैसे बाईच्या खिशातून जातात. संध्याकाळीही बाया सारख्या बाहेर बघायला लागल्या तर नळ यायची वेळ झाली असं समजा आणि उरलेले विषय पुढच्या बैठकीत घ्या.