कलम शोधताय? आधी कायदा कुठला ते बघा

मागे आमच्या मावसभावाला पोलीस स्टेशनची नोटीस आली, त्यावर लिहिलेलं बीएनएसएस (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) ३५(३), आणि ह्या पठ्ठ्याने गुगलवर नुसतं 'कलम ३५' टाकलं, समोर आलं जुन्या आयपीसीचं (गुन्हे आणि शिक्षांचा जुना कायदा) ३५, ते वाचून रात्रभर झोप नाही. खरं तर ती हजर राहायची नोटीस, बोलावतील तसं जात राहिलं तर सहसा अटक करत नाहीत, करायचीच म्हटलं तर कारणं लेखी नोंदवावी लागतात.

म्हणून आकड्याच्या शेजारची अक्षरं आधी वाचा. १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, सीआरपीसीच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता (तीच बीएनएसएस), पुराव्याच्या कायद्याच्या जागी साक्ष्य अधिनियम. आपल्या तोंडात अजून ३०२ म्हणजे खून, पण नव्यात खुनाची शिक्षा १०३ मध्ये गेलीय आणि ३०२ ला आहे धार्मिक भावना दुखावणं! आणि गुन्हा त्या तारखेच्या आधी घडलेला असेल तर अजूनही जुनंच कलम लागतं. जुनं-नवं जुळवायला एनसीआरबीचं (केंद्राचा गुन्हे नोंद विभाग) 'संकलन' अ‍ॅप टाकून घ्या, फुकट आहे.

मूळ कायदा इंडिया कोडच्या सरकारी साइटवर वाचा, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पीडीएफवर नको. निकालांसाठी इंडियन कानून ही साइट, सर्च मस्त आहे, फक्त एक सांगतो, मधलाच पॅरा उचलू नका, बऱ्याचदा तो वकिलाचा युक्तिवाद असतो आणि कोर्टाने पुढे तोच फेटाळलेला असतो. सुप्रीम कोर्टाच्या बऱ्याच निकालांचे मराठी अनुवादही ऑनलाइन मिळतात, भाषा जरा जड आहे. केसची पुढची तारीख बघायला ई-कोर्ट्स अ‍ॅप, त्यात सीएनआर, म्हणजे प्रत्येक केसचा वेगळा असा अक्षरं-आकडे मिळून १६ जागांचा नंबर टाकायचा.

एफआयआरची कॉपी फिर्यादीला फुकट मिळते, हक्काने मागा. महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवरही एफआयआर टाकतात, लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील सोडून. दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) असून नोंदवूनच घेत नसतील तर ललिता कुमारी हा सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा निकाल वाचून ठेवा, अशा गुन्ह्यात एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे असं त्यात म्हटलंय, तक्रार पोस्टाने एसपींना पाठवा, पोचपावती जपा, तरी काही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज.

अटकेच्या बाबतीत घटनेच्या कलम २२ ची पहिली दोन उपकलमं बघा, छोटीशी आहेत: अटकेचं कारण सांगायचं, वकिलाला भेटू द्यायचं, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचं. मानवी हक्क आयोगाकडे जायचं तर घटनेपासून एका वर्षाच्या आत.

आणि वकील परवडत नसेल तर १५१०० ला फोन करा, नाहीतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस गाठा, बहुतेक कोर्टाच्या आवारातच असतं. बायका, मुलं, एससी-एसटी, कोठडीतली माणसं, ह्यांना उत्पन्नाची अट नाही. जाताना नोटिशीची झेरॉक्स दोन्ही बाजूंची काढा, भावाच्या नोटिशीत हजर राहायची वेळ मागच्या बाजूला होती.