गाडीचं पांढरट पडलेलं प्लास्टिक परत काळं कसं करायचं

रोज उन्हात उभी राहणारी गाडी असेल तर बॉडीचा रंग एकवेळ ठीक राहतो, पण बंपरचा खालचा भाग, आरशाची कव्हरं, वायपरखालची जाळीवाली पट्टी हे सगळं राखाडी होऊन जातं आणि गाडी आहे त्यापेक्षा म्हातारी दिसते. यातलं बरंचसं प्लास्टिक पॉलीप्रॉपिलीन असतं आणि काळा रंग आतपर्यंत मिसळलेला असतो, उन्हातल्या अतिनील किरणांनी फक्त वरचा पापुद्रा खराब होतो, त्यात बारीक बारीक भेगा पडतात आणि उजेड विखुरतो म्हणून पांढरं दिसतं. त्या भेगा भरल्या की काळेपणा परत दिसतो, एवढाच सगळा खेळ.

आता खोबरेल तेल, डिझेल, बूट पॉलिश हे सगळं लावणारे लोक आहेत, तासभर भारी दिसतं, मग धूळ चिकटते आणि पहिल्या पावसात सगळं वाहून जातं. दुकानातले बरेच ‘ट्रिम शाइन’वाले स्प्रेसुद्धा सिलिकॉन तेलच असतात, काम तेच फक्त वास चांगला. टिकाऊ हवं असेल तर वाळून कडक होणारं कोटिंग घ्या. डब्यावर क्युरिंगला (म्हणजे पूर्ण वाळून कडक व्हायला) इतके तास लागतात, तोवर पाणी लागू देऊ नका असं लिहिलं असेल तर ते कोटिंग असण्याची शक्यता जास्त, लावा आणि लगेच निघा असं असेल तर बहुधा तेल.

खरी मेहनत धुण्यात आहे, लावणं पाच मिनिटांचं काम. शॅम्पूने धुवायचं, मग ऑल पर्पज क्लीनर आणि जुना टूथब्रश घेऊन खरबरीत प्लास्टिकच्या खाचाखाचांतून घासायचं, जुनं वॅक्स तिथेच पांढरं होऊन बसलेलं असतं. पूर्ण वाळू द्या (खाचांत पाणी लपून राहतं, घाई नको), मग आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन पुसा. थिनर अजिबात नको, बाजूचा रंग जाईल. मास्किंग टेप लावून बघा, नीट चिकटत नसेल तर तेल अजून शिल्लक आहे, परत पुसा. तेलावर कोटिंग धरत नाही, कितीही महाग आणा. तीच टेप मग रंगाच्या कडेने लावून घ्या.

लावताना गाडी सावलीत आणि प्लास्टिक हाताला गार लागलं पाहिजे. ग्लोव्हज घाला, आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघा, मग अॅप्लिकेटरवर (लावायच्या स्पंजवर) थोडंसंच घेऊन हातभर भाग एका दिशेने पुसत जा, डब्यावर सांगितलेल्या वेळात कोरड्या मायक्रोफायबरने जास्तीचं उचला आणि मगच पुढे सरका. जाड थर दिला की जास्त टिकेल असं वाटतं पण तसं होत नाही, उलट पट्टे दिसतात. यातली बरीच कोटिंग्ज हवेतल्या ओलाव्यावर वाळतात, त्यामुळे दमट हवेत ती लवकर धरतात आणि पुसायला वेळच मिळत नाही, कोकणात नाहीतर मुंबईत करणार असाल तर अजून छोटा भाग घ्या. भर पावसाळ्यात तर नकोच, दिवाळीनंतर करा. वापरलेलं फडकं नंतर कडक होतं, ते परत काचेला लावलंत तर ओरखडे, टाकून द्या.

स्टिअरिंग, पेडल, स्कूटरच्या पाय ठेवायच्या जागेवर असलं काही लावू नका, घसरायचं काम आहे. पिवळ्या पडलेल्या हेडलाइटलाही नुसतं पुसून भागत नाही, तिथे आधी पॉलिश पेपर मारून खराब थर काढावा लागतो. आणि प्लास्टिक खडूसारखं झालं असेल, बोट फिरवलं की पावडर येत असेल, तर दोन हात द्या, मध्ये डब्यावर सांगितलंय तेवढं थांबून.

पट्टा राहिलाच तर ओलं आहे तोवर त्याच लिक्विडचा थोडासा हात फिरवून लगेच पुसा, बऱ्याचदा विरघळून सारखा होतो. वाळल्यावर लक्षात आलं तर मात्र घासूनच काढावा लागतो आणि खरबरीत प्लास्टिकवर ते फार किचकट आहे, म्हणून टॉर्च मारून तिरकं बघत बघत पुढे जा.