पाच प्राण्यांचा खेळ करताना अस्वलापाशी का अडतं

‘वू छिन शी’ म्हणजे पाच प्राण्यांचा खेळ, प्राण्यांच्या हालचालींची नक्कल करत करायचा चिनी व्यायाम. हान राजवटीच्या अखेरच्या काळातले वैद्य ह्वा थुओ यांनी तो रचला असं मानतात. त्यांचा शिष्य वू फू नव्वदी ओलांडल्यावरही दात आणि कान शाबूत राखून होता, अशी जुन्या चिनी इतिहासात नोंद आहे. तुमच्या दातांची हमी मी देत नाही. आज सर्रास शिकवतात तो क्रम असा: वाघ, हरीण, अस्वल, माकड, पक्षी. प्रत्येकाच्या दोन हालचाली.

वाघ सोपा. बोटं फाकवून पेरं आत वळवा, पंजा झाला. डरकाळी फोडायची नाही. हरणासाठी मधली दोन बोटं दुमडा, बाकीची ताठ ठेवा. कंबर पिळून मागच्या पायाच्या टाचेकडे बघा.

आता अस्वल. अंगठा तर्जनीच्या टोकावर, बाकीची बोटं सैल वळलेली, दोन्ही मुठी ओटीपोटासमोर. मग मुठींनी पोटाभोवती वर्तुळ काढायचं, असं बहुतेक ठिकाणी सांगतात. साफ चूक! मी कित्येक महिने तेच करत होतो. अजीर्ण झाल्यावर पोट चोळतात ना, तसं दिसायचं, आणि उपयोगही तेवढाच. वर्तुळ काढायचं ते धडाने. धड उजवीकडे, वर, डावीकडे, खाली असं फिरतं आणि मुठी त्याच्याबरोबर ओढल्या जातात. गाडी पोट, हात नुसते प्रवासी.

दुसरी चूक त्याहून वाईट. धड फिरवायला गेलं की कुल्ले हुला-हूपसारखे घुमू लागतात. तसं करून माझी कंबर चार दिवस धरली होती. कमरेखालचं अंग जागेवरच हवं. त्यासाठी माझा उपाय: पाठ नसलेल्या स्टुलावर बसा, पावलं जमिनीवर टेकवा आणि बसल्या बसल्या धड फिरवा. बूड हलायला जागाच नाही, त्यामुळे फासळ्यांखाली नेमकं काय दाबलं जातं आणि काय सुटतं ते कळतं. आठवडाभर एवढंच करा. मग उभं राहा. पुढे वाकताना श्वास सोडा, वर येताना घ्या. जमत नसेल तर श्वासाचा नाद सोडा, वर्तुळ आधी. चक्कर येत असेल तर वर्तुळ लहान करा.

अस्वलाची दुसरी हालचाल चालण्याची. गुडघा उचलू नका, आधी कुल्ला वर खेचा, पाय आपोआप सुटतो. पाऊल सपाट टेकू द्या. जोरात आपटलंत तर गुडघा बोंबलेल.

माकड: पाचही बोटांची टोकं जुळवा, मनगट वाकवा, खांदे कानांशी न्या, टाचा उचला. पक्ष्याला एका पायावर तोल लागतो. सुरुवातीला भिंतीजवळ उभं राहण्यात कमीपणा नाही. शेवटी दोन्ही तळवे एकावर एक, बेंबीखाली. थोडा वेळ तसेच उभे राहा आणि मग चहा ठेवायला जा.